‘सगळाच संच नवा टाका’ हा सल्ला कोकणातल्या जुन्या गाडीला परवडणारा नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या मोटारींच्या देखभालीवर आलेल्या लेखात, गाडीचे सस्पेन्शन (चाकांचे धक्के झेलणारी जोडणी) झिजले की एकेक भाग दुरुस्त करत बसू नये, सगळा संच एकदमच नवा बसवून मोकळे व्हावे, असा सल्ला देण्यात आला आहे. वडिलांनी १९७१ मध्ये घेतलेली फियाट मी आजही जयगड ते रत्नागिरी या रस्त्यावर चालवतो आणि याच सल्ल्याचा चटका मला चांगलाच बसलेला आहे, म्हणून हे पत्र.

चार वर्षांपूर्वी ताशी पन्नासच्या पुढे गेले की स्टिअरिंग थरथरू लागले. घाटावरच्या एका गॅरेजमध्ये गाडी दिली, तर त्यांनी काहीही न मोजता पुढची दोन्ही किंगपिन (ज्या उभ्या पिनेभोवती पुढचे चाक वळते ती), बुश (पिन ज्यात फिरते ती नळी), स्प्रिंगा, शॉकॲब्सॉर्बर असे सगळेच बदलले. मी गाडी आणायला गेलो तोवर जुने भाग भंगारात रवाना झाले होते. पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच थरथर पुन्हा सुरू झाली. इथे खोलून पाहिले तेव्हा नव्या पिनेवर बुशाच्या जागी बोटाला लागेल एवढा खळगा पडलेला होता. त्या पिनेच्या टोकावर कानस फिरवली, तर ती चक्क लोखंड खात गेली. नीट पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून झटकन गार करून कडक केलेल्या पिनेवरून कानस नुसती घसरते. दिसायला चकचकीत असलेली ती पिन प्रत्यक्षात मऊ होती, आणि भंगारात गेलेली जुनी कदाचित आणखी दहा वर्षे चालली असती.

हा एका गॅरेजचाच दोष मी मानत नाही. मुंबईत पद्मिनी, म्हणजे पुढे नाव बदललेल्या फियाटच, टॅक्सी म्हणून धावत होत्या तोवर या गाड्यांच्या सुट्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते. ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आणि हे गिऱ्हाईकही तिच्याबरोबर गेले. मुंबईत ऑपेरा हाऊस भागातल्या सुट्या भागांच्या दुकानांत ‘नवा’ म्हणून मिळणारा भाग आपल्या जुन्यापेक्षा चांगलाच असेल, हे आता गृहीत धरता येत नाही.

म्हणून बदलायचे की दुरुस्त करायचे, हा प्रश्न संपूर्ण गाडीला न विचारता एकेका भागाला विचारावा, आणि तोही आधी दोष नेमका कुठे आहे ते पाहून. चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. खेळ जाणवला तर दुसऱ्या कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा असतो, आणि तसाच राहिला तर किंगपिनचा. एवढी साधी परीक्षा न करता पिना बदलणाऱ्यांनी कितीतरी चांगल्या पिना फुकट घालवल्या असतील. पिन काढल्यावरही ती मधोमध, जिथे ती घासली जात नाही, आणि बुशाच्या जागी अशी दोन्हीकडे मायक्रोमीटरने मोजावी. मापात फरक नसेल तर झीज फक्त बुशाची असते, आणि बुश करून देणारे हात कोकणात आहेत.

मिरकरवाड्याच्या बंदराजवळ होड्यांच्या शाफ्टची कामे करणाऱ्या एका लेथवाल्याने माझे बुश गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूत कातून दिले. ठोकून बसवल्यावर त्याने लांब रीमर (भोक मापात कातणारे हत्यार) वरच्या आणि खालच्या बुशातून एकाच ओळीत हाताने फिरवला आणि मधूनमधून पिन घालून पाहिली. तेल लावलेली पिन सोडली की धाडकन पडता कामा नये, अडकूनही राहता कामा नये, आपल्या वजनाने सावकाश उतरली पाहिजे, हे त्याचे माप. अर्धा दिवस गेला, पण थरथर गेली ती अजून परतलेली नाही.

रबराच्या बाबतीत मात्र मी लेखकांशी पूर्ण सहमत आहे. भेगा पडलेला बुश दुरुस्त होत नाही. तो बदलावाच, आणि लोखंडी नळीला चिकटवलेल्या रबरी बुशाचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावा. गाडी अधांतरी असताना आवळला तर खाली उतरताच रबर पिळवटते आणि लवकर फाटते. आपल्याकडे पावसाआधी गाडीच्या बुडाला जळके ऑइल मारण्याची पद्धत आहे. पत्र्याला त्याचा उपयोग होतो, पण तेच ऑइल रबरावर गेले की रबर फुगून भुसभुशीत होते, हे फारसे कुणी सांगत नाही. गळू लागलेला सीलबंद शॉकॲब्सॉर्बरही दुरुस्तीच्या फंदात न पडता दोन्ही बाजूंचा एकदम बदलावा.

स्प्रिंगांचा निर्णय आपल्याकडे समुद्राचा खारा वारा करतो. आरे-वारेच्या समुद्रकाठच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीच्या स्प्रिंगवर गंजाचे टोचे पडले असतील, तर ती उंचीला बरोबर असली तरी काढून टाकावी, कारण स्प्रिंग तुटते ती अशा टोच्यापासूनच. बसलेल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी गुट्टे ठोकण्याचा उपाय मला पटत नाही. उरलेल्या वेटोळ्यांवरचा ताण त्याने वाढतो. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बसले असतील तर ते सुटे करून, कमान देऊन, पुन्हा पाणी देऊन वापरता येतात, मात्र मुख्य पाट्याला चीर असेल तर तो नवाच घ्यावा. आणि पाटा असो, स्प्रिंग असो वा स्टब ॲक्सल (पुढचे चाक ज्यावर फिरते तो आखूड कणा), त्याला वेल्डिंग करू देऊ नये. वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचा कस जातो, आणि आंबा घाटाच्या उतारावर तो गेलेला कळून उपयोग नसतो.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरे असलेल्या क्रमांकाची वेगळी नोंदणी आणली, तीही गाडी मूळ स्वरूपात असावी या अटीवर. जुने भाग सरसकट फेकण्याआधी अशा गाड्यांच्या मालकांनी याचाही विचार करावा. लेखकांनी पुढे कधी या विषयावर लिहिले, तर गॅरेजमधून काढलेला प्रत्येक भाग मालकाने मागून घ्यावा, एवढे तरी त्यात अवश्य लिहावे. माझ्या त्या दोन पिना मला परत मिळाल्या नाहीत.

आपला,
एक वाचक
जयगड, ता. रत्नागिरी