बाळ्या, वायरच ओढायची

गुहागर
श्रावण, दुसरा सोमवार

प्रिय बाळ्या,

चार महिन्यांत तुझे तीन फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. कारण तुला ठाऊक आहे. अण्णांच्या पाहुण्यांच्या अठरा खोल्यांना वायफाय द्यायचं, तर होळीला पडवीत बसून कॉटेजांपर्यंत वाडीतून वायर ओढायची की बिनतारी डिश लावायची यावर जे जुंपलं, ते मी धरून बसलो. माईचा गुडघा आहे तसाच, अण्णांची साखर आटोक्यात, मी ठीक.

आता ऐक. तुझं खरं होतं. वायरच. हे वाक्य वहिनीला मोठ्याने वाचून दाखव म्हणजे साक्षीदार राहील, कारण मी पुन्हा लिहिणार नाही.

अण्णांच्या हातात एक कोटेशन आहे आणि शुक्रवारी ते सही करणार आहेत. वरखाली दोन्ही मजल्यांवर पॅसेजमध्ये छताला तीन-तीन मिळून सहा ॲक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे बॉक्स), कॉटेजांकडे डिश-टू-डिश, लॉगिनला ओटीपी, आणि तीन वर्षांचा करार. आकडा कमी दिसतो म्हणून अण्णा खूश. त्या कागदाकडे बघून नक्की काय खुपतं ते या गावात कोणाला सांगू? म्हणून तुला.

पहिलं खुपतं ते पॅसेज. आपल्या खोल्यांचा नकाशा आठव. दार उघडलं की डाव्या हाताला बाथरूम, मग कपाट, मग पलंग, मग समुद्राकडची खिडकी. म्हणजे पॅसेजमधून निघालेला सिग्नल टाइल्स, आरसा, गीझर आणि पाण्याच्या पाइपांतून गाळून पलंगापर्यंत जाणार. वर भिंती जांभ्या चिऱ्याच्या. २.४ गिगाहर्ट्झ कसाबसा पार होतो, ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीला मान टाकतो. त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पितो, आणि पाणी सिग्नल खातं. त्यामुळे मार्चमधल्या मोजणीवर भरवसा ठेवायचा नाही, मोजायचं तर आत्ता, भिंती ओल्या असताना.

मोजायचं कसं यावरून तू मला नेहमी हसतोस, पण पद्धत हीच: ॲक्सेस पॉइंट स्टूलावर ठेवून जिथे लावायचा तिथे उभा करायचा, खोलीचं दार लावायचं, बाथरूमचंही लावायचं, आणि फोन हातात न धरता उशीवर ठेवायचा. माणूस रात्री तिथेच बघत पडणार असतो. पाच नंबरात पॅसेजवाल्याचा सिग्नल दाराशी उणे ५८ डीबीएम दिसतो आणि उशीवर उणे ७६ (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). उशीवर उणे ६५ च्या आत मिळालं पाहिजे. उणे ७० च्या पलीकडे व्हिडिओ कॉल तुटायला लागतो, आणि पाहुणा रिसेप्शनला फोन करून ‘तुमचं नेट स्लो आहे’ म्हणतो. नेट स्लो नसतं, भिंत जाड असते.

म्हणून पॅसेज बाद. खोलीतच, टीव्हीच्या मागे स्विचबोर्डाच्या आकाराचे वॉल-प्लेट ॲक्सेस पॉइंट. एका मजल्यावर सात खोल्या, त्यात एक सोडून एक असे चार. खाली १, ३, ५, ७ मध्ये बसले तर वरचे असे सरकवायचे की एकाच्या डोक्यावर दुसरा येणार नाही. असे आठ. जेवणघरात एक, रिसेप्शनला एक, कॉटेजच्या दोन जोड्यांना दोन, हिरवळीवर बाहेरचा एक. एकूण १३. अण्णा म्हणतात, सहाच्या जागी तेरा कशाला? त्यांना सांगितलं, एका मोठ्या गॅसबत्तीने चौदा खोल्यांत उजेड पडत नाही. ते पटलं थोडं. हे सगळे साधे टू-बाय-टू (दोन अँटेनांचे) वायफाय ६ वाले पुरतात. त्यापुढचं घेण्यात पैसे घालायचे ते केबलात घाल, हे तुझंच वाक्य.

ब्रँडचं फार मनावर घेऊ नकोस. युनिफाय किंवा ओमाडा, दोन्हींना दरवर्षीची लायसन्स फी नाही आणि दोन्हींचा कंट्रोलर (सगळे बॉक्स सांभाळणारं सॉफ्टवेअर) आपल्याकडे राहतो. रकस उत्तम, पण अठरा खोल्यांना परवडत नाही. कोटेशनमधली मेख इथेच आहे: कंट्रोलर ‘त्यांच्या क्लाउडवर’. करार संपला की पासवर्डही त्यांचा, सेटिंगही त्यांचं, आणि अण्णांच्या भिंतींवर पांढऱ्या थाळ्या. सहीआधी एकच ओळ लिहून घ्यायची, की ॲडमिन पासवर्ड आणि सेटिंगचा बॅकअप मालकाच्या ताब्यात राहील. जो ते लिहून देत नाही त्याला चहा पाजून वाटेला लावायचं.

सेटिंगची एक गोष्ट तू विसरतोस, म्हणून लिहितो (विसरतोसच, लॉजच्या वेळी विसरला होतास). २.४ वर एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवायची. ५ वर ४० पुरे, ८० चा मोह नको. तेरा बॉक्स पूर्ण ताकदीने ओरडायला लागले तर फोन रिसेप्शनच्या बॉक्सला चिकटून खोलीत जातो आणि तिथूनही त्यालाच धरून बसतो. २.४ ची पॉवर उतरवायची, जुने हळू वेग बंद करून किमान १२ एमबीपीएस ठेवायचा, म्हणजे फोन वेळेवर हात सोडतो.

आता ओटीपी. गंमत बघ. कॉटेजमध्ये मोबाइलला रेंज नाही, म्हणून पाहुण्याला वायफाय हवं. वायफायला ओटीपी हवा. ओटीपीला रेंज हवी. मग पाहुणा कमरेला टॉवेल गुंडाळून सुरूबनात फोन वर धरून उभा. परदेशी पाहुण्याच्या नंबरावर तर तो कोड येईलच याची खात्री नाही. शिवाय एसएमएससाठी डीएलटी नोंदणी (धंद्याचे मेसेज पाठवणाऱ्यांची) आणि टेम्प्लेटची मंजुरी हा वेगळा खटाटोप.

अण्णांना भीती कायद्याची, आणि ती अगदी खोटी नाही. दूरसंचार विभागाच्या २००९ च्या सूचनांपासून सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्याची ओळख ठेवण्याचा आग्रह आहे, पण त्यात मोबाइलवरचा पासवर्ड हा एक मार्ग आहे आणि ओळखपत्राची प्रत हा दुसरा. प्रत तर आपण चेक-इनला घेतोच. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस ठेवायला सांगितले आहेत, त्यासाठी राउटरवरून लॉग एका छोट्या डिस्कवर पाठवले की झालं. कोण कुठल्या वेळी कुठल्या आयपी पत्त्यावर होता एवढंच ठेवायचं. पाहुण्याने काय पाहिलं हे साठवायच्या भानगडीत पडायचं नाही.

म्हणून माझं मत: पोर्टल, म्हणजे जोडल्यावर उघडणारं लॉगिनचं पान, नकोच. वायफायचं नाव सगळीकडे एकच, पण प्रत्येक खोलीला वेगळा पासवर्ड. पीपीएसके म्हणतात ते, दोन्ही ब्रँडमध्ये आहे. प्रत्येक पासवर्ड आपापल्या व्हीलॅनला (त्याच जाळ्यातल्या वेगळ्या कप्प्याला) बांधायचा. मग लॉगमधला पत्ता बघितला की खोली कळते, खोलीवरून रजिस्टर, रजिस्टरवरून माणूस. आणि पाच नंबरातल्याला आपल्या फोनवरचा पिक्चर आपल्याच टीव्हीवर टाकता येतो, शेजारच्या खोलीत नाही. सगळ्यांना एकाच जाळ्यात टाकून क्लायंट आयसोलेशन (एका उपकरणाला दुसरं दिसू न देणं) लावलं की सुरक्षितता येते, पण टीव्हीवर टाकणं बंद पडतं आणि पोरं रडतात.

नाव एकच ठेवण्याचं कारण तुला माहीत असेल, तरी. हल्लीचे फोन प्रत्येक नेटवर्कच्या नावाला वेगळा खोटा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) देतात. ‘रूम’, ‘गार्डन’, ‘रेस्टॉरंट’ अशी तीन नावं ठेवली की एकच फोन तीन फोन दिसतो. त्यामुळेच मॅकवर मोजणाऱ्या ‘दोनच उपकरणं’ अशा मर्यादा फसतात. पत्त्यांची वाटणीही आटते. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीची मुदत दिवसाची ठेवू नकोस, चार तास पुरे.

अडचण एकच. चेक-आउटला पासवर्ड बदलायचा कोणी? रिसेप्शनवरचा मुलगा चांगला आहे, पण लांजाच्या बसची वेळ झाली की त्याचे हात-पाय आधी स्टँडवर पोचतात. दर सोमवारी सगळे अठरा बदलून छापील चिठ्ठ्या किल्लीच्या बिल्ल्याला लावायच्या असं मी धरून चाललोय. पण सोमवारी जो पाहुणा मुक्कामाला असेल त्याचं काय? व्हाउचर (मुदतीचे कोड) बरे का? व्हाउचर म्हणजे परत पोर्टल आलं, आणि फोनवर ते पान उघडलंच नाही म्हणून रात्री अकराला बेल. तुझं डोकं चालव यावर.

ऑफिसचा संगणक, कार्डाचं मशीन आणि कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर, हे तुला लिहायची गरज नाही.

लाइन. शनिवारी रात्री अठरा खोल्यांत साठ-सत्तर फोन येतात. त्यातले वीस-पंचवीस एका वेळी व्हिडिओ बघतात, प्रत्येकी ५ एमबीपीएस धर. २०० ची लाइन भरपूर झाली. मारामारी डाउनलोडची नसतेच. दिवसभर किनाऱ्यावर काढलेले व्हिडिओ रात्री नऊला फोन आपोआप वर चढवायला लागतो, अपलोड तुंबतो आणि पुण्याच्या कंपनीशी मीटिंग करणाऱ्याचा आवाज बुडबुडतो. आपल्या मिक्रोटिक राउटरवर केक नावाची रांग लावायची, त्याच्या राउटरओएस ७ मध्ये आहे, आणि मर्यादा लाइनच्या प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांवर ठेवायची. दोन्ही दिशांना. पाहुण्याला १० एमबीपीएसची टोपी घालण्यापेक्षा याने जास्त फरक पडतो.

दुसरी लाइन हवीच, पण बघून. परवा खांब मोजत गेलो तर दोन्ही कंपन्यांच्या वायरी नाक्यापासून एकाच खांबावरून येतात. एक झावळी पडली की दोन्ही गेल्या. ही दोन लाइनी नव्हेत, एकाच लाइनीची दोन बिलं. दुसरी ४जीवर, बाहेर अँटेना लावून, आणि तिच्यावर फक्त ऑफिस आणि कार्डाचं मशीन चालेल एवढंच.

विजेचं गणित: तेरा बॉक्स सरासरी ९ वॅटने ११७, स्विच, राउटर, ओएनटी (कंपनीची फायबर लाइन येते तो डबा) धरून एकूण दीडशेच्या आसपास. १५० एएचची एक बॅटरी स्वतंत्र इन्व्हर्टरला लावली तर आठ तास निघतात. फ्रीजच्या इन्व्हर्टरवर नको. रॅक माळ्यावर, चिपळूणचा २०२१ चा पूर बघितलेल्या माणसाने तळमजल्यावर स्विच ठेवू नये. आणि निसर्ग वादळाच्या वेळी दापोलीकडे वीज किती दिवस नव्हती ते आठवून अण्णांना जनरेटरबद्दल तूच बोल, माझं ऐकत नाहीत.

आता आपलं भांडण. रॅकपासून कॉटेजपर्यंत टेपाने मोजलं, १४० मीटर. तांब्याची केबल १०० ला संपते, म्हणून मी डिश म्हणत होतो. मधे माड आणि पोफळी. ५.८ गिगाहर्ट्झच्या डिशला १४० मीटरवर मध्यावर सुमारे १.३५ मीटर त्रिज्येची मोकळी जागा लागते, आणि वाऱ्यात माड काही आपल्याला विचारून हलत नाही. वर ओल्या झावळ्या. मेच्या शेवटच्या वळिवात तात्पुरती लावलेली जोडी दर पाच मिनिटांनी तुटत होती. शिवाय वीज पडते तेव्हा दोन इमारतींमधलं तांबं तिला आमंत्रण देतं. फायबरला ती भीतीच नाही, काच आहे.

तर: चार कोरची (चार काचतंतूंची) सिंगल मोड फायबर, १७० मीटर, दोन कोर वापरात, दोन राखीव. ३२ एमएमच्या एचडीपीई पाइपातून, आत ओढायची दोरी सोडून ठेवायची. दीड फूट खोल, पाटाच्या कडेकडेने, पोफळीच्या मुळांपासून लांब, आणि वर विटांची एक ओळ, कारण दरवर्षी खत घालायला गडी कुदळ मारतो आणि त्याला फायबर कळत नाही. तिकडे पीओईचा (केबलीतूनच बॉक्सला वीज देणारा) छोटा स्विच, तिथलं अर्थिंग वेगळं.

बाकी तांब्याच्या केबलीसाठी दुकानदाराने जी स्वस्त पेटी दाखवली, तिचं टोक ब्लेडने खरवडलं तर आतून पांढरं. तांबं वर पुसलेलं, आत ॲल्युमिनियम. पीओईवर ती तापते आणि शेवटच्या बॉक्सला व्होल्टेज पोचत नाही. ३०५ मीटरची पेटी उचलूनच कळतं म्हणा, अस्सल तांब्याची जड लागते. बाहेरच्या बॉक्सला स्टेनलेस ३१६ चे स्क्रू, केबलीच्या आरजे-४५ कनेक्टरवर डायइलेक्ट्रिक ग्रीस, आणि वायर आत शिरण्याआधी तिला खाली झोका. नाहीतर खारी हवा दोन पावसाळ्यांत पिनांवर हिरवा थर चढवते. वायर शिरते तिथला ग्लँड आवळून घ्यायचा, नाहीतर आत ओंबील (लाल मुंग्या) घर करतात. अण्णांच्या हॉलमधल्या त्या स्पीकरचं काय झालं होतं आठवतंय ना?

तुझ्या पोरीचं दहावीचं वर्ष, तिला माझा आशीर्वाद. नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनीची बदली टळली हे माईकडून कळलं, बरं झालं.

गुरुवारी रात्रीच्या गाडीने निघ. शुक्रवारी अण्णांच्या सहीआधी तू समोर बसलेला हवास, तुझं ते ऐकतात. माती सध्या मऊ आहे, शनिवारी दोन गडी लावले तर चर एका दिवसात होतो. स्प्लायसिंग मशीन घेऊन ये आणि सिंगल मोडचे एलसीचे आठ पिगटेल (एका टोकाला कनेक्टर असलेले फायबरचे तुकडे) आण, दोन्ही टोकांना चार-चार. मागच्या वेळी आणलेस तसे हिरवे, तिरप्या टोकाचे, आणू नकोस. निळे.

तुझा,
बंड्या