'जसे आहे जेथे आहे' म्हणता, पण आत काय आहे?

संपादक साहेब, नमस्कार.

मी साखर कारखान्यात 31 सीझन फिटर म्हणून काढले, आता घरीच असतो. आमच्या भागातला एक बंद पडलेला कारखाना मध्यंतरी भंगारात गेला, नाव कशाला घ्या. या लिलावांच्या जाहिरातीत एक ठरलेलं वाक्य असतं, "जसे आहे जेथे आहे या तत्त्वावर". एवढं छापलं की विकणारा मोकळा, पुढं कटर लावणाऱ्याचं नशीब.

सहज बघायला गेलो होतो. ज्या गव्हाणीत पहिली मोळी पडताना हलगी वाजायची तिथं गवत, आणि पलीकडं दोन पोरं, पायात स्लीपर, मोलॅसिसच्या (मळीच्या) टाकीला गॅस कटर लावायच्या तयारीत. आत काय आहे रे विचारलं तर म्हणे "खाली है चाचा". मॅनहोलमधून वाकून बघितलं तर तळाला हातभर मोलॅसिस, वर पावसाचं पाणी, आंबूस वास. हे आंबलं की कार्बन डायऑक्साइड होतो, तो जड, खालीच बसून राहतो, आणि त्यात माणूस उतरला तर हाक मारायला पण सवड मिळत नाही, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. शेजारी डिस्टिलरीची स्पिरिटची टाकी, तिची तर वेगळीच गोष्ट, अल्कोहोलची वाफ हवेत साडेतीन टक्के झाली तरी एक ठिणगी पुरते. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातकी हे आमच्याकडं हेल्परला पण माहीत असायचं. या पोरांना कोण सांगणार? त्यातल्या एकाच्या भुवया जळालेल्या होत्या, विचारलं तर नुसता हसला, परवा भपका झाला म्हणाला.

पेटणारा माल असलेली टाकी आधी साफ केल्याशिवाय तिला कटर किंवा वेल्डिंग लावायचं नाही, हे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच लिहिलेलं होतं, मी काही नवीन सांगत नाही. पण काम टनावर असतं, जितकं लवकर पाडाल तितके पैसे. शेड पाडायचं तर उभारणीच्या उलट क्रमानं, आधी पत्रे, मग कैच्या (छताचे सांगाडे), मग खांब, आणि ब्रेसिंगला, म्हणजे तिरक्या आधारांना, शेवटपर्यंत हात लावायचा नाही, एवढी साधी गोष्ट आहे. इथं खालून खांबच कापतात, शेड कुठल्या अंगाला बसेल ते देवाला माहीत.

स्टीम पाइपवरचं जुनं ॲस्बेस्टॉसचं लॅगिंग, म्हणजे उष्णता धरून ठेवणारं वेष्टन, हातोड्यानं झोडपून काढत होते, पांढरी धूळ सगळीकडं, नाकाला फक्त गमछा. फुटके ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे लोकांनी गोठ्याला नेले. त्या धुळीचा फुप्फुसाला त्रास वीस-तीस वर्षांनी निघतो म्हणून कुणाला काही वाटत नाही.

भंगाराला माझा विरोध नाही उलट लोखंड गंजत पडण्यापेक्षा गेलेलं बरं. एक टन भंगार वितळवलं की साधारण 1.1 टन लोहखनिज आणि 600-700 किलो कोकिंग कोळसा वाचतो असं म्हणतात, जालन्याच्या भट्ट्यांत कितीतरी भंगाराच्या सळ्या होतात. पण तिथंही तोच प्रश्न, दोन्हीकडून बंद असलेला पाइप आत पाण्यासकट वितळलेल्या लोखंडात पडला तर बॉम्बच. आणि 2010 साली दिल्लीच्या मायापुरीत काय झालं, विद्यापीठाच्या लॅबमधलं जुनं यंत्र लिलावात विकलं, आत किरणोत्सर्गी कोबाल्ट-60 होतं, भंगारवाल्यांनी तोडलं आणि एक कामगार जिवाला मुकला. त्यालाही आत काय आहे ते कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की टेंडरसोबत प्रत्येक टाकीचा, पाइपलाइनचा एक कागद द्या, आत काय होतं, कधी धुतलं, ॲस्बेस्टॉस कुठं आहे. ड्रॉइंग सापडत नसतील तर जुने फिटर, पॅनमन (साखर शिजवणारे) अजून गावातच आहेत, चहावर येऊन सांगतील, आम्हाला तरी दुसरं काय काम आहे. आणि साफसफाईचा खर्च कुणाचा ते स्पष्ट लिहा. कारण मी त्या दिवशी तिथल्या सुपरवायझरला म्हटलं, कापायच्या आधी टाकीत पाणी भरून घे, म्हणजे आतली वाफ बाहेर निघेल, तर तो म्हणाला, "काका, टँकरचे पैसे कोण देणार?"

एक निवृत्त फिटर, सांगली जिल्हा