घडी चुकली की…

संपादक साहेब, नमस्कार.
आमच्या आईला पार्किन्सन्स आहे, चार वर्षं झाली, म्हणून हे लिहितोय. डॉक्टरांनी समजावलं की मेंदूतल्या अल्फा सिन्युक्लिन नावाच्या प्रोटीनच्या साखळ्यांची नीट घडी होत नाही आणि त्या एकमेकांना चिकटून गोळे बनतात. अल्झायमरमध्ये पण असंच, फक्त प्रोटीन वेगळं. आई म्हणाली, म्हणजे नऊवारीच्या निऱ्या चुकल्यासारखं! (डॉक्टरपेक्षा आईचंच पटकन समजलं.)

आता ही घडी ओळखायचं काम एकट्या बायोलॉजीवाल्याचं नाहीच. प्रोटीनच्या रचनेवरच्या कामालाच मिळालेलं 2024 चं केमिस्ट्रीचं नोबेल बघा ना, बेकर बायोकेमिस्ट, हसाबिस कॉम्प्युटरवाले, जंपर फिजिक्स शिकून आलेले. आणि आपले जी. एन. रामचंद्रन, मूळचे फिजिक्सचे, त्यांनी तर 1963 मध्येच मद्रासला बसून प्रोटीनची साखळी कुठे वळू शकते, कुठे नाही याचा नकाशा काढला, तो अजून जगभर वापरतात.

आणि इकडे आपल्याकडे अकरावीलाच पोरं बायो घेतली की मॅथ्स सोडतात, माझ्या भाचीने पण सोडलं, क्लासवालेच सांगतात म्हणे. कुलाब्याला टीआयएफआर ही संशोधन संस्था, पवईला आयआयटी, सगळं एकाच शहरात, पण कॉलेजात बायो आणि कॉम्प्युटरवाले कँटीनमध्येच काय ते भेटतात. निदान एखादा प्रोजेक्ट तरी एकत्र द्या की!

— एक वाचक, गिरगाव