बाबा, मी इथे काय करतो ते सांगतो

अथेन्स, जॉर्जिया, अमेरिका

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

"सून हॉस्पिटलात राबतेय आणि तू बायकांच्या मंडळात जातोस?" हा बाबांचा प्रश्न फोनवर मी हसण्यावारी नेला. मागून आईचं "अहो, राहू द्या की" ऐकू आलं. पण प्रश्न राहिलाच आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी व्हिसाचं. तिचा एच-१बी, म्हणजे नोकरीचा; माझा एच-४, म्हणजे तिचा नवरा म्हणून मिळालेला. त्यावर सध्या तरी इथे मला एक डॉलर कमवायची मुभा नाही. बिनपगारी समाजकार्य मात्र चालतं. तिची रेसिडेन्सी, म्हणजे डॉक्टर झाल्यावरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, आठवड्याला ८० तासांची, तीही चार आठवड्यांची सरासरी धरून. त्यामुळे एखादा आठवडा त्याच्याही वर जातो. सलग २४ तासांची ड्यूटी आणि वर रुग्ण पुढच्या डॉक्टरच्या हवाली करण्यात जाणारे तास वेगळेच. ती घरी येते ती झोपायला. पहिले काही महिने मी गॅलरीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजत असे, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आता मंडळाबद्दल. ही डॉक्टरांच्या नवरा-बायकोंची संघटना आहे, सगळे नुसतं 'अलायन्स' म्हणतात. देशपातळीवरची संघटना १९२२ साली सेंट लुइसला सुरू झाली, तेव्हा ती फक्त डॉक्टरांच्या बायकांची होती. आता आमच्यासारखे नवरेही आहेत, थोडेच. पहिल्या बैठकीत एका ऐंशीच्या आसपासच्या आजींनी "तुझी बायको कुठल्या विभागात आहे?" असं इतकं सहज विचारलं की माझा सगळा संकोच तिथेच संपला. मिरजेला अमेरिकन मिशनचं हॉस्पिटल १८९४ पासून आहे हे सांगितल्यावर तर त्यांनी मला शेजारच्या खुर्चीतून उठूच दिलं नाही.

काम काय, तर गेल्या महिन्यात एका शाळेच्या मैदानावर सायकलची हेल्मेटं वाटली. जॉर्जियात सोळा वर्षांखालच्या मुलाला सायकलवर हेल्मेट कायद्याने सक्तीचं आहे, पण ज्या घरात बूटच थोरल्याचे धाकट्याला येतात तिथे हेल्मेट कोण घेणार? आमचं काम नुसतं हातात खोकं देण्याचं नाही. ते डोक्यावर नीट बसवून द्यायचं. पुढची कडा भुवईच्या वर दोन बोटं, त्याहून मागे सरकली तर कपाळ उघडं पडतं. दोन्ही बाजूंचे पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे जुळले पाहिजेत. हनुवटीखाली एखादं बोट जाईल एवढीच जागा ठेवायची. मग मुलाला मोठा 'आ' करायला सांगायचं. हेल्मेट डोक्यावर जरा खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर बसलाय. एका पोरीच्या डोक्यावर बारीक बारीक वेण्या आणि त्यांत मणी, काही केल्या हेल्मेट बसेना. तिची आई पुढे झाली, तिथेच उकिडवी बसून तिने मागच्या वेण्या सोडून खाली बांधल्या, तेव्हा कुठे जमलं. तोपर्यंत मागे रांग लागली होती आणि एकही माणूस कुरकुरला नाही. बाबा, तुम्ही असता तर तिथेच वही काढून मापं लिहीत बसला असता.

फूड बँकेतही जातो, म्हणजे गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या केंद्रात. लोकांनी दिलेले खाण्याचे पत्र्याचे बंद डबे तारखा बघून वेगळे करायचे. जोडाच्या शिवणीवर पोचा पडलेला डबा सरळ टाकून द्यायचा, मधेच कुठे हलकासा पोचा असेल तर चालतो. काम कंटाळवाणं आहे, पण गप्पा चांगल्या होतात.

आणि डॉक्टर्स डे. आपल्याकडे तो १ जुलैला, डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या नावाने. इथे ३० मार्चला, आणि त्याची सुरुवात आमच्या घरापासून तासाभराच्याही आत असलेल्या वाइंडर गावात झाली. युडोरा ब्राउन आल्मंड नावाच्या एका डॉक्टरच्या पत्नीच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. १९३३ साली त्यांच्या मंडळाने गावातल्या डॉक्टरांना शुभेच्छापत्रं पाठवली आणि दिवंगत डॉक्टरांच्या थडग्यांवर फुलं वाहिली. तारीख निवडली तीही विचार करून. ३० मार्च १८४२ रोजी जवळच्याच जेफरसनमध्ये डॉ. क्रॉफर्ड लाँग यांनी जेम्स व्हेनेबल नावाच्या माणसाला गुंगी आणणारं ईथर हुंगवून त्याच्या मानेची गाठ काढली, वेदना न होऊ देता. पण लाँग यांनी ते १८४९ पर्यंत छापून प्रसिद्ध केलंच नाही. दरम्यान १८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टन नावाच्या दंतवैद्यांनी लोकांसमोर ईथरचा प्रयोग केला आणि बराचसा गाजावाजा त्यांचा झाला. बाबा, तुमच्या आवडीची गोष्ट म्हणजे लाँग यांच्या हिशेबाच्या वहीत त्या शस्त्रक्रियेची नोंद आहे: ईथर आणि गाठ काढणे, २ डॉलर.

लाँग आमच्याच अथेन्सच्या ओकोनी हिल दफनभूमीत आहेत. मार्चमध्ये आम्ही काही जण तिथे लाल कार्नेशन घेऊन गेलो, मग उरलेली फुलं हॉस्पिटलात वाटली. फूल टाचणीने डॉक्टरच्या कोटाला लावायचं की नुसतं हातात द्यायचं यावर आमच्यात चांगला वाद झाला. शेवटी ठरलं की हातात द्यायचं, कारण अर्धे डॉक्टर स्क्रब्जमध्ये, म्हणजे कोटाऐवजी हॉस्पिटलच्या सैल कपड्यांत असतात आणि सगळेच घाईत. तुमच्या सूनबाईंना मी स्वतः दिलं. ती म्हणाली, "हे ठेवू कुठे?" आणि ते कॉफीच्या रिकाम्या कपात खोचून राऊंडला गेली.

सगळंच काही छान नाही. वर्षातून एकदा शिष्यवृत्तीच्या निधीसाठी मोठं जेवण असतं. सुटाबुटात यायचं, लॉटरीची तिकिटं घ्यायची, एकमेकांच्या घरांची स्तुती करायची. मला वाटतं, नुसतं पाकीट फिरवलं तर निम्म्या त्रासात तेवढेच पैसे जमतील. पण मी नवीन, म्हणून गप्प बसतो.

जीव लागतो तो जुलैत. रेसिडेन्सीचं वर्ष १ जुलैच्या सुमारास सुरू होतं आणि नवी कुटुंबं येतात. यंदा केरळची एक मुलगी आली, कडेवर तान्हं बाळ, नवरा पहिल्या दिवसापासून हॉस्पिटलात. इथे गाडीशिवाय माणूस लंगडा. मी तिला चर्चच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गाडी शिकवली, मागच्या सीटवर त्या आजी बाळ सांभाळत आणि माझ्या शिकवण्यातल्या चुका काढत. बाळंतपण झालेल्या घरी दोन आठवडे डबा पोचवायचीही पाळी लावलेली असते. तुझी मुगाची खिचडी, आई, फार चालते, फक्त हिंग कमी घालतो. डबा नेऊन दिला की मोठ्या बायका तिथेच थोडं बसतात आणि हळूच विचारतात, "घरी आल्यावर तो बोलतो का? झोपतो का?" डॉक्टरच खचून जातात, ते या बायकांनी खूप जवळून पाहिलंय. त्या सरळ विचारतात. मला हे अजून जमत नाही, मी भांडी घासायला उठतो.

बाबा, फुकट राबण्याबद्दल म्हणाल, तर गल्लीच्या गणेश मंडळाचा जमाखर्च तुम्ही इतकी वर्षं लिहिलात, पावतीपुस्तकं रात्री जागून जुळवलीत, तेव्हा पगार किती होता? मला तर आता त्यांनी खजिनदारच केलंय. तुमचं डावीकडे जमा, उजवीकडे खर्च इथे पुरत नाही, म्हणून एक्सेलमध्ये ठेवतो, पण दर महिन्याला शिल्लक हाताने मोजतो, ती सवय तुमचीच.

गुडघ्याचं काय ठरलं? डॉक्टर सांगतील ते व्यायाम करा, शेजारच्या काकांचं तेल नको. व्हिसाची मुलाखत लवकर मिळाली तर मार्चच्या आधी या. आई, शिष्यवृत्तीच्या त्या जेवणाला प्रत्येकाने घरचा पदार्थ आणायचा आहे, साधारण चाळीस माणसं. खोबऱ्याच्या वड्या कराव्या म्हणतो. ओल्या खोबऱ्याला साखरेचं प्रमाण किती, आणि वड्या पडत नाहीत तेव्हा तू नेमकं काय करतेस, हे रविवारी फोनवर सांग. इथे ओलं खोबरं किसलेलं, गोठवलेलं मिळतं, त्याला पाणी सुटतं, हे धरून सांग.

तुमचा,
बाळू