आई, फोनवर मी नुसतंच ‘हो’ म्हणालो होतो

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

आई, काल तू फोनवर विचारलंस, “लेकरा, तिथं त्या मशीनपाशी देव भेटतो का रे तुला?” सिस्टर सुई घेऊन समोर उभी होती. मी “हो, भेटतो की” म्हणालो आणि फोन ठेवला. पाहुण्यांकडं आपण “जेवून आलोय” म्हणतो ना, तसलं उत्तर होतं ते. रात्रभर टोचत राहिलं. आज बुधवार, डायलिसिस नाही, म्हणून लिहायला बसलो. फोनवर हे बोलता येत नाही. तू स्पीकर लावतेस, आणि आजाराचा विषय निघाला की बाबा उठून ओट्यावर जातात. चपलेचा आवाज मला इकडं ऐकू येतो.

पहिले चार-पाच महिने देव भेटला नाही. हे तुला दुखेल, पण तसंच होतं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सातला जायचं, वजन करायचं, पलंगावर पडायचं, दोन सुया, चार तास. वर पाहिलं की छताच्या पांढऱ्या चौकटी. माझ्या पलंगावर त्या अठ्ठावीस आहेत. प्रार्थना सुरू करायचो, “हे स्वर्गीय पित्या”पर्यंत यायचो आणि पुढं काही सुचायचं नाही. मग चौकटी मोजायचो.

बाबा, तुम्ही जन्मभर शास्त्र शिकवलंत, दोन्ही अर्थांनी. शाळेत विज्ञान आणि रविवारी संडे स्कूल. म्हणून तुम्हाला आकडे सांगतो, तुम्हाला ते आवडतील. मिनिटाला सुमारे 300 मिलिलिटर रक्त बाहेर जातं आणि धुऊन परत येतं. म्हणजे माझ्या अंगातलं पाचेक लिटर रक्त चार तासांत बारा-चौदा वेळा त्या नळीएवढ्या डायलायझरमधून, म्हणजे रक्ताच्या गाळणीतून, फिरतं. त्याला धुवायला पाणी लागतं सुमारे 120 लिटर. आपल्या अंगणातली टाकी आठवा. आणि मला स्वतःला दिवसभरात प्यायला एक लिटरसुद्धा नाही, त्यातच चहा आणि आमटी धरायची. स्तोत्रातल्या हरिणीची तहान मला आता लहानपणापेक्षा बरीच बरी समजते!

आता त्या गृहस्थांबद्दल. आई, तू त्यांना माझ्याकडं पाठवलंस ते प्रेमानंच. ते आले, डोक्याला तेल लावलं, मोठ्यानं प्रार्थना केली. मग जाता जाता म्हणाले, काहीतरी पाप दडलेलं असेल, कबूल कर, विश्वास कमी पडतोय. मी गप्प राहिलो. पण नंतर मला कळलं की हेच त्यांनी वडाळ्याला येऊन तुलाही सांगितलं, आणि तेव्हापासून तू शुक्रवारी उपास धरतेस. साखरेच्या गोळ्या घेऊन उपास! आई, हा उपास आधी बंद कर. आजार का झाला ते मला ठाऊक आहे. तिशीत डोकं दुखायचं तेव्हा मी मेडिकलमधून गोळी घ्यायचो आणि बीपी एकदाही मोजलं नाही. ते आतल्या आत मूत्रपिंडं खात बसलं. त्यात तुझं काही नाही. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? प्रभूनं दोन्ही नाकारलं. योहान, नववा अध्याय. बाबांना काढून दाखवायला सांग.

बायबलातल्या दुःखात पडलेल्या ईयोबाचे तिघे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, तोंडातून एक शब्द काढला नाही. तोवर ते उत्तम मित्र होते. आठव्या दिवशी बोलायला लागले आणि सगळं बिघडलं. आमच्या या गृहस्थांना पहिल्या दिवसालाही दम निघाला नाही.

मी त्यांना त्या दिवशी जे सांगायला हवं होतं ते मला नंतर सापडलं. बाबा, हे यंत्र पहिल्यांदा कुणी केलं माहीत आहे का? विलेम कोल्फ नावाचे डच डॉक्टर. साल 1943, गाव कांपेन, देश जर्मनांच्या ताब्यात, कशाचाच पुरवठा नाही. त्यांनी लाकडी पट्ट्यांचं फिरतं पिंप केलं आणि त्यावर सॉसेज भरायला वापरतात तसली सेलोफेनची नळी गुंडाळली. सोळा रोग्यांवर करून पाहिलं, म्हणावं असं यश आलं नाही. मग 1945च्या सप्टेंबरात एक 67 वर्षांची बाई बेशुद्धीत आणली. ती शुद्धीवर आली आणि पुढं काही वर्षं जगली. ही बाई कोण, तर नाझींना सामील होती म्हणून तुरुंगात टाकलेली. गावातल्या लोकांना ती मेली असती तर वाईट वाटलं नसतं. ज्या यंत्रावर मी आज जगतोय त्याचं पहिलं दान तिच्या पदरात पडलं. चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच उगवणारा सूर्य तुम्ही आम्हाला पाठ करून घेतला होतात. पाप मोजून औषध मिळणार असतं तर आमच्या वॉर्डातले बारा पलंग रिकामेच राहिले असते, पहिला माझा.

तर देव कधी भेटला, ते सांगतो. तारीख नाही सांगता येणार, पण पावसाळ्याचे दिवस होते. आदल्या रविवारी कुणाच्या तरी बारशाला गेलो होतो आणि मी पाणी जास्त प्यालो होतो. वजन तीन किलो वाढलेलं. तेवढं सगळं एका बैठकीत ओढलं की पोटऱ्यांत गोळे येतात. तिसऱ्या तासाला आला. आई, तू बाळंतपणाच्या कळा सांगतेस, मी तुलना करत नाही, पण मी ओरडलो. हातात सुया, उठता येत नाही, पाय झाडताही येत नाही. दोन्ही टेक्निशियन आणि सिस्टर समोरच्या पलंगाशी होते, तिथल्या माणसाचं बीपी एकदम खाली गेलं होतं.

माझ्या शेजारच्या पलंगावर इंदापूरकडचे एक आजोबा असतात. माळकरी. डायलिसिस चालू असताना हरिपाठ पुटपुटतात. त्यांच्याबरोबर त्यांची म्हातारी येते, स्टुलावर बसते, पिशवीत ज्वारीची भाकरी असते. ती उठली. माझ्या पायावरचं पांघरूण काढलं, माझं पाऊल तिनं स्वतःच्या पोटाशी धरलं आणि पुढं वाकून सगळ्या अंगाचा भार त्यावर टाकला, बोटं माझ्याकडं दाबली गेली तशी. “आलं आलं, सुटंल आता,” एवढंच म्हणत राहिली. गोळा सुटायला दहा मिनिटं लागली असतील. तिच्या लुगड्याला तंबाखूच्या मशेरीचा वास होता. तिचा श्वास लागला होता. गोळा सुटल्यावर तिनं पांघरूण नीट केलं, पदरानं हात पुसले आणि परत स्टुलावर जाऊन बसली. माझं नाव काय, कुठला, कुठल्या धर्माचा, काही विचारलं नाही.

तिला मी देवदूत वगैरे म्हणणार नाही. ती पार्किंगच्या पैशांवरून वॉचमनशी रोज भांडते आणि आजोबांना चारचौघांत घालूनपाडून बोलते. पण त्या दिवशी तिथं पडल्यापडल्या मला शेवटच्या भोजनाची रात्र आठवली, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धरणारा प्रभू. पेत्र नको नको म्हणत होता ना? मला त्याची लाज आता कळली. आपले पाय दुसऱ्याच्या हातात देणं फार अवघड असतं.

त्यानंतर मी प्रार्थना करायची खटपट सोडली आणि जे पाठ होतं तेच म्हणायला लागलो. तेविसावं स्तोत्र. बाबा, तुम्ही टेबलावर छडी आपटत म्हणून घेतलेलं, त्यामुळं “तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात” हे वाक्य आम्हा मुलांना कधीच पटलं नाही, तुमच्या काठीनं आम्हाला कसलाच धीर यायचा नाही. पण आता म्हणताना एक गोष्ट दिसली, तीस वर्षं दिसली नव्हती. सुरुवातीला सगळं ‘तो’ आहे. तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्यावर नेतो. दावीद कुणाला तरी देवाबद्दल सांगतोय. मृत्युच्छायेची दरी आली की बोलणं वळतं. “कारण तू माझ्याबरोबर आहेस.” कुरणात होता तोवर ‘तो’, आणि दरीत ‘तू’. अंधारात माणूस शेजारच्याबद्दल बोलत नाही, शेजारच्याशी बोलतो. “आहेस ना?” एवढंच विचारतो. माझी प्रार्थना सध्या एवढीच आहे. कधी उत्तर आल्यासारखं वाटतं, पुष्कळदा नाही. पण विचारताना मी भिंतीशी बोलतोय असं आता वाटत नाही.

सगळं गोड झालंय असं समजू नकोस, आई. डिसेंबरात चार नंबरच्या पलंगावरचा मुलगा गेला. तेवीस वर्षांचा. शनिवारी मला क्रिकेटचा स्कोर विचारत होता, मंगळवारी त्याच्या जागी दुसरी बाई. चादर बदललेली. त्या आठवड्यात मला तेविसावं म्हणवलं नाही. मी अठ्ठ्याऐंशीवं काढलं. बाबा, ते तुम्ही आम्हाला कधी पाठ करायला दिलं नाहीत, आणि का ते कळतं. बाकीची बहुतेक रडगाणी शेवटी कुठंतरी स्तुतीकडं वळतात, हे वळत नाही. अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात आहे. कुणीतरी ते मंदिरात गायलंय. ज्यांनी स्तोत्रं एकत्र केली त्यांनी ते वगळलं नाही, याचा मला त्या आठवड्यात फार आधार वाटला.

हे मी मुद्दाम तुमच्यासाठी लिहितोय, बाबा. आईनं सांगितलं की रात्रीच्या कुटुंबप्रार्थनेत तुम्ही आता वचन वाचता आणि पुस्तक मिटता, प्रार्थना तीच करते. चर्चच्या मंडळीचे वडील (एल्डर) म्हणून तुमच्याकडं सगळे बघतात, म्हणून तुम्ही रविवारी नेहमीसारखे पहिल्या बाकावर बसता. पण देवाशी तुमचा अबोला आहे. बाबा, अबोला नका धरू. भांडा हवं तर. म्हणा की माझ्या पोराला का. वधस्तंभावर प्रभूनंच “माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास” विचारलं, आणि तेही बाविसावं स्तोत्रच होतं, लहानपणापासून पाठ असलेलं. त्याला विचारता आलं तर तुम्हाला का नाही?

तुम्ही आम्हाला केडगावला नेलं होतं, नगरजवळच्या नव्हे, दौंडच्या. मुक्ती मिशनच्या आवारात उभं राहून तुम्ही पंडिता रमाबाईंबद्दल सांगत होतात. दुष्काळात आईबाप आणि बहीण उपासमारीनं गेली, मग 1880 साली भाऊ, 1882 साली नवरा. तुम्ही सांगितलंत तेव्हा मला ती इतिहासातली यादी वाटली. मुलगी मनोरमा 24 जुलै 1921 ला गेली आणि रमाबाई 5 एप्रिल 1922 ला. मधले आठ महिने ही बाई, कानानं अधू, मराठी बायबलच्या भाषांतराचं काम करत राहिली. लोक याला अढळ विश्वास म्हणतात. मला आता ती त्या आठ महिन्यांतल्या रात्री दिसते. चाळीस वर्षांची लेक पुरून आलेली आई, आणि पुढ्यात इब्री पान. त्या पानांत विलापगीतही असणार.

आणखी एक. आई, तुझं मूत्रपिंड चाललं नाही म्हणून तू रडतेस हे मला ताईनं सांगितलं. तुला साखर आहे, डॉक्टरांनी नाही म्हटलं ते तुझ्याच जिवासाठी. बाबांचं वय एक्काहत्तर. तुम्ही दोघांनी मला एकदा जीव दिलाय, दुसऱ्यांदा देता आला नाही याचा हिशेब कुणी मागितलेला नाही. मूत्रपिंड मिळावं म्हणून माझं नाव पुण्याच्या प्रतीक्षायादीत आहे. फोन कधीही येऊ शकतो, वर्षंही लागतील. डायलिसिसचा खर्च फुले योजनेतून होतोय, त्यामुळं शेत विकायचं बोलणं पुन्हा काढू नका.

इस्टरला येतोय. शनिवारचं डायलिसिस अकराला सुटेल, दुपारची गाडी धरली तर रात्री जेवायला घरी. रविवारी पहाटेच्या उपासनेला तुमच्याबरोबर चालत येईन, सोमवारी परत. आई, बटाट्याची भाजी करणार असशील तर फोडी पाण्यात भिजत घालून ते पाणी फेकून दे, मग नव्या पाण्यात शिजव. शहाळं आणू नका. आंबा समोर ठेवू नका, तोंडाला पाणी सुटतं आणि तेवढंच पाणी मला फुकट मिळतं. चहा अर्धा कप, तुझ्या त्या जुन्या कपातून.

आणि बाबा, गेल्या खेपेला तुम्ही माझ्या डाव्या हाताकडं बघायचं टाळत होतात. फिस्टुला म्हणजे काही नाही, धमनी आणि शीर एकमेकींना जोडलीय, म्हणून ती दोरखंडासारखी फुगलीय. सकाळी उठल्यावर मी पहिल्यांदा तिच्यावर बोटं ठेवतो, चालू आहे का बघायला. थरथर लागते, आतून बारीक घूं घूं असतं, काडेपेटीत भुंगा धरला की लागायचं तसं. लहानपणी तुम्हीच आमच्या कानाला लावायचात. शनिवारी रात्री प्रार्थनेला बसू तेव्हा माझ्या डाव्या बाजूला बसा आणि तळहात ठेवून बघा. दाबू नका, नुसता ठेवा. दुखत नाही.

तुमचा,
धाकटा