महोत्सवामागचे शिक्षण

महोदय,

महाविद्यालयीन महोत्सव जवळ आले की यंदा कोणता गायक येणार याचीच चर्चा रंगते. तो कार्यक्रम उभा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार क्वचितच होतो. मुंबईच्या आयआयटीतील ‘मूड इंडिगो’ हा महोत्सव १९७१ पासून विद्यार्थ्यांच्या बळावर चालत आला आहे, पण अनेक महाविद्यालये सारे काम इव्हेंट कंपनीकडे सोपवून मुलांना केवळ गर्दी आवरायला उभे करतात.

वास्तविक, कलाकाराच्या व्यवस्थापकाशी मानधन व आगाऊ रक्कम ठरवणे, करारातील रद्दबातलीचे कलम वाचणे, किती माइक आणि मॉनिटर (कलाकाराला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून मंचावर ठेवलेले स्पीकर) लागतील याची यादी ध्वनिव्यवस्थापकाबरोबर ताडून पाहणे, पोलीस परवानगी व गीतांच्या स्वामित्वहक्काचा परवाना मिळवणे, हे अनुभवानेच येते. जनरेटर उशिरा आला की साउंड चेक (कार्यक्रमाआधीची ध्वनिचाचणी) लांबतो आणि ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागत असल्याने कात्री लागते ती मुख्य गायनालाच. (प्रमुख पाहुण्यांच्या भाषणांना ती कधी लागत नाही!)

नव्या शैक्षणिक धोरणात कार्यप्रशिक्षणाला (इंटर्नशिपला) श्रेयांक (क्रेडिट) आहेत. ते या कामालाही मिळावेत आणि करार व जमाखर्च विद्यार्थ्यांसमोर खुले ठेवावेत, ही विद्यापीठांना विनंती.

– एक वाचक, पुणे