आखाजीला येत नाही, त्याचे कारण

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा आखाजी आहे आणि मी येत नाही. हे दादाच्या तोंडून कळण्याआधी माझ्या अक्षरांत कळावे, म्हणून पत्र त्याच्याच हाती देत आहे. गेल्या शनिवारी मी खालची डावी अक्कलदाढ काढून घेतली आणि टाके नेमके परवाच निघणार आहेत. तुम्हांला आधी सांगितले नाही, ही चूक माझी. दादावर रागावू नका. गप्प राहण्याची शपथ मीच त्याला घातली होती.

दिवाळीपासून ती हिरडी तीनदा सुजली. दाढ आडवी वाढून शेजारच्या दाढेला टेकली होती, आणि गोळ्यांनी सूज उतरली तरी मूळ कारण तिथेच राहते, हे डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावले. तुला सांगितले असते, आई, तर दुखरे गुडघे घेऊन या उन्हाळ्यात तू रात्रभर बसमध्ये बसून आली असतीस. सोमवारी नेटवर्कचे निमित्त सांगून मी चेहरा दाखवला नाही, तेही खोटे होते. त्या दिवशी गाल जबड्याच्या खालपर्यंत फुगला होता आणि तोंडात एक बोट जेमतेम जात होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज सर्वाधिक असते व मग उतरू लागते, हे ठाऊक असल्याने मी घाबरले नाही. तुम्हांला मात्र ते पाहून झोप लागली नसती.

दुखण्याची काळजी करू नका. भूल उतरण्याआधीच पहिली गोळी घेतली आणि पुढे आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉल डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळांना, काही खाऊनच घेतले. आता रात्री एक गोळी पुरते. पहिल्या दिवशी फडक्यात गुंडाळलेला बर्फ 15-20 मिनिटे गालावर धरायचा आणि तितकाच वेळ थांबायचे, असे चालले. आई, तू मिठाच्या पुरचुंडीने शेकायला सांगितले असतेस. तुझा शेक चुकीचा नाही, त्याची पाळी तेवढी नंतर येते. पहिल्या दिवशी उष्णतेने सूज वाढते, दोन दिवसांनी तोच शेक आखडलेला जबडा मोकळा करतो. मंगळवारपासून तुझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गरम मीठ बांधून शेकते आहे. गालाला लावण्याआधी तू ती पुरचुंडी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहायचीस, तशीच मीही पाहते.

दोन दिवस गार दहीभात खाल्ला. आता हे रोज संध्याकाळी जास्त पाणी घालून खिचडी करतात, कढीही जमू लागली आहे. दाढेच्या खळग्यात धरलेली रक्ताची गुठळी हेच जखमेचे झाकण असते आणि ती निघाली तर कानापर्यंत ठणका जातो, म्हणून स्ट्रॉने पिणे आणि जोराची चूळ दोन्ही टाळले. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या हलकेच करते. ताप नाही, पू नाही, गिळायला त्रास नाही. मांडे दादाबरोबर पाठव. आमरसात भिजवून उजव्या बाजूने खाईन.

बाबा, तुम्ही दुखऱ्या दाढेखाली तंबाखूची चिमूट धरता, हे मला कळले आहे. माझा पहिला दुधाचा दात हलत होता तेव्हा मी कुणाला हात लावू देत नव्हते. तुम्ही ओट्यावर मांडीत घेऊन गोष्ट सांगत तो केव्हा काढलात ते कळलेही नाही, आणि मग खांद्यावर उभे करून मला तो धाब्यावर फेकायला लावलात. तेवढाच विश्वास आता माझ्यावर ठेवा. सोमवारी सकाळी दादा तुम्हांला दाताच्या डॉक्टरांकडे नेणार आहे, वेळ घेऊन झाली आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळीविषयी त्यांना आधीच सांगा, पण ती मनाने बंद करू नका. मेडिकलमधून दुखण्याची गोळीही आणू नका. मला चालली ती तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर चालेलच असे नाही. तंबाखूने जखम भरायला उशीर होतो, म्हणून ती आजच सोडा. रागाने नाही, काळजीने लिहिते आहे.

गोळ्यांची सगळी पाकिटे पिशवीत घ्या आणि उन्हाआधी निघा.

तुमची,
बेबी